बांधावर राहिलेला ओरिन

माझा भाऊ ओरिन जुलैमध्ये गेला. त्याच्या मुलीनं त्याला पुरायचं ऑक्टोबरपर्यंत थांबवलं, कारण जुलैत आमचे डोंगर नुसतेच हिरवे असतात.

हे तिनं मला फोनवर सांगितलं. कॉनी तिचं नाव. लग्न होऊन कनेटिकटला गेली, आणि तेव्हापासून आमचं व्हरमाँट म्हटलं की तिला कॅलेंडरवरचं चित्र आठवतं. आपण इथल्याच शेणात खेळून मोठ्या झालो हे विसरायला तिला फार वेळ लागला नाही.

"आत्या, राख काही कुठे पळून जात नाही," ती म्हणाली. "ऑक्टोबरात सगळ्यांनाच यायला बरं पडेल. पानं रंगलेली असतील. प्रेस्टनचे आईवडीलही येतो म्हणतायत. छान निरोप होईल बाबांना."

"तुझ्या बापाला कधी होतं गं पानांचं कौतुक?"

"असं कसं? पानं सगळ्यांनाच आवडतात."

ओरिन गावच्या रस्त्यांची देखभाल करायचा. झाडांकडे बघत गाडी हाकणाऱ्यांच्या गाड्या चरातून ओढून काढण्यात त्याचा सगळा ऑक्टोबर जायचा. ट्रॅक्टरची साखळी अडकवताना तो त्यांना एकच विचारायचा, "तुमच्याकडे झाडं नसतात का?" पण बाप तिचा होता, राखेची पेटीही तिच्याकडे होती. मी बरं म्हटलं.

ऑक्टोबरातल्या जोडून आलेल्या सुट्टीत ती मंडळी आली. पाच गाड्या एकामागोमाग एक, दिवे लावून, दर वळणावर हॉर्न वाजवत. पुरायला आलेत की वरात घेऊन आलेत, कळेना. उतरले ते सगळे लाल-काळ्या चौकड्यांच्या शर्टात, आणि शर्टांवर दुकानातल्या घड्या जशाच्या तशा. आमच्याकडे तसला शर्ट लाकूड फोडताना घालतात. यांच्यातल्या कोणी आयुष्यात काडी मोडली नव्हती.

"युनिस आत्या, हा तुमचा," म्हणत प्रेस्टननं माझ्याही हातात एक दिला. प्रेस्टन म्हणजे कॉनीचा नवरा. दात फार चांगले आहेत त्याचे. दुसरं काही सांगण्यासारखं मला आजवर सापडलेलं नाही. "फोटोत सगळे एकसारखे दिसू."

"धुऊन घालते," मी म्हणाले, आणि आत जाऊन कुत्र्याच्या टोपलीत अंथरला.

यंदा उन्हाळ्यात पाऊस कमी झाला होता, त्यामुळे रंग फिकेच होते. हॉटेलात गार सूप समोर आल्यावर माणूस वाढप्याकडे जसा बघतो, तसा प्रेस्टन डोंगराकडे बघत उभा राहिला. त्याची आई म्हणाली, "फोटोत तर किती लाल दिसतं इथे." डोंगराच्या वतीनं माफी मागायची राहिली होती तेवढी.

दफन शनिवारी अकराला ठरलं होतं. अकराच का, तर त्या वेळी ऊन चांगलं पडतं. आमचं कब्रस्तान गावामागच्या टेकडीवर आहे, कच्च्या रस्त्यानं. मी माझ्या पिकअपनं आधीच वर गेले. लुसियन थिबो खड्डा खणून तयार होता. लुसियन ओरिनबरोबर रस्त्यांच्या कामावर होता; खड्डा मीच खणणार, असं त्यानं जुलैतच मला सांगून ठेवलं होतं. चर्चच्या पाद्री वुडवर्थबाई पुस्तक काखेत धरून उभ्या होत्या. वारा बोचरा होता.

बराच वेळ गेला.

"लांब आहेत का अजून?" लुसियननं विचारलं.

"लांब कसले, पायथ्याशीच उतरलेत. पण मध्ये झाडं लागतात ना."

शेवटी आले. अर्ध्यांच्या हातात डोनट होते, आणि प्रेस्टनच्या भावानं आल्या आल्या कॅमेऱ्याचं उडतं यंत्र हवेत सोडलं. ते डोक्यावर घोंघावायला लागलं. लुसियननं त्याच्याकडे बघितलं, मग हातातल्या फावड्याकडे बघितलं. मी मान हलवून नको म्हटलं. सगळे खड्ड्याभोवती गोळा झाले, कोणीतरी कोणाला तरी डावीकडे सरकायला सांगितलं. वुडवर्थबाईंनी पुस्तक उघडलं, परत मिटलं.

"ओरिन कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

कॉनीनं प्रेस्टनकडे बघितलं. प्रेस्टननं भावाकडे बघितलं.

"तुझ्या गाडीत होती ना पेटी?" प्रेस्टन म्हणाला.

"माझ्या? फोटो काढायला तूच घेतलीस."

"फोटोपुरती घेतली. नंतर कॉनीनं उचलली."

"मी नाही उचलली," कॉनी म्हणाली. "वळणावर ठेवली होती आपण. त्या दगडी बांधावर. मागे ते मेपलचं लाल झाड होतं म्हणून."

प्रेस्टनच्या आईनं डोनट रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला, तेवढी तरी चाड तिला होती.

मी किल्ल्या काढल्या. प्रेस्टन माझ्या मागे धावत आला आणि न विचारता पिकअपमध्ये बसला. उतार अर्धा झाल्यावर म्हणाला, "आत्या, झालं ते झालं. याचा फार बभ्रा करायला नको, नाही का?"

"कोणापासून लपवतोस? खड्ड्याभोवती सगळे उभे आहेत."

"म्हणजे गावात म्हणतोय मी."

"गावातलाच होता तो."

त्यावर तो खिडकीबाहेर बघायला लागला. आणि खरं सांगते, त्या अवस्थेतही त्याचा हात फोनकडे गेला. उजव्या बाजूला बर्चच्या पिवळ्या झाडांची रांग होती. मी गाडी जरा जोरात खड्ड्यातून घातली.

वळणावर बांधाला टेकून एक बाई बसली होती. माझ्याच वयाची, सहलीच्या बसमधल्या बायका घालतात तसले पांढरेशुभ्र बूट, गळ्यात दोरीला नावाची पट्टी. ओरिनची पेटी तिनं मांडीवर घेतली होती आणि कोटाची एक बाजू तिच्यावर ओढली होती.

"तुमची का ही?" तिनं विचारलं.

"माझा भाऊ आहे."

"वाटलंच कोणाचा तरी असेल. पेटीवरची पितळी पाटी वाचली. नाव वाचल्यावर मग सोडून जाववेना. बसवाल्याला म्हटलं, तू हो पुढे, येताना घे मला."

"आम्ही परत येतच होतो," प्रेस्टन म्हणाला.

"हो का?" ती शांतपणे म्हणाली. "आमची बस इथेच थांबली होती, मी आतून बघत होते तेवढ्यात दोन गाड्या थांबून गेल्या. पेटीशेजारी उभं राहून फोटो काढले त्यांनी. एकीनं वर भोपळा ठेवला. त्यांना वाटलं, गावानं सजावट मांडलीय."

भोपळा बाजूला गवतात पडला होता. लहानसाच होता.

पानं बघायला येणाऱ्या बायकांना मी जन्मभर नावं ठेवत आले. आमच्या अंगणात शिरून शेळ्यांबरोबर फोटो काढतात, दारातले बटाटे विकायला ठेवलेत का विचारतात, आणि गाडी इतकी हळू चालवतात की मागचा माणूस म्हातारा व्हावा. त्यातल्या एकीला काय म्हणावं ते मला सुचेना. म्हणून तिला हात देऊन उठवलं आणि म्हणाले, "चला वर. खड्डा तयार आहे."

प्रेस्टननं पेटी घ्यायला हात पुढे केले.

"तू मागे बस," मी म्हणाले.

"मागे म्हणजे?"

"मागे म्हणजे मागे. गवताचे भारे आहेत तिथे."

ती बाई पेटी घेऊन माझ्या शेजारी बसली. मर्ना तिचं नाव, ओहायोची. कब्रस्तानात आम्ही पोहोचलो तेव्हा जावईबापू उघड्या हौद्यात साखळ्यांमध्ये बसलेले, नव्या शर्टावर गवत. लुसियन एरवी हसत नाही. त्यानं तोंड फिरवलं.

मग पुरलं ओरिनला. वुडवर्थबाईंनी थोडक्यात आटपलं, ते बरं केलं. कॉनी रडली. खरं रडली, तेवढं मला कळतं. मर्ना लांब कुंपणाशी उभी राहिली होती, तिला मी बोलावून मूठभर माती टाकायला लावली. सगळं झाल्यावर प्रेस्टनच्या आईनं मला विचारलं, इथे जवळपास स्वच्छ संडास कुठे आहे.

गावच्या खानावळीत त्यांनी मोठं जेवण ठरवलं होतं, मागच्या बाजूला ओढा दिसतो म्हणून. मी गेले नाही. मर्नाला घरी आणलं आणि घेवड्याचं सूप गरम केलं.

"तुम्हाला आवडली का पानं?" मी विचारलं. मुद्दामच विचारलं.

"पहिल्या दिवशी आवडली," ती म्हणाली. "आज पाचवा दिवस आहे. मुलानं पाठवलंय, आई, जरा बाहेर पड म्हणून. माझे गुडघे दुखतात, आणि शेजारची बाई प्रत्येक झाडाला अहाहा म्हणते. आज बांधावर बसले तेवढाच वेळ कोणी अहाहा म्हटलं नाही."

मी तिला आणखी सूप वाढलं. संध्याकाळी तिला त्या वळणावर नेऊन सोडलं, बस आली आणि ती गेली.

कॉनी नोव्हेंबरात परत आली, एकटीच. तेव्हा आमच्याकडे कोणी फिरकत नाही. झाडांच्या नुसत्या काटक्या राहिलेल्या असतात, वरून पाऊस पडतो त्यात निम्मा बर्फ, आणि रस्त्यावर चिखल. येण्याआधी तिनं फोन केला नाही. आधी वर टेकडीवर जाऊन आली आणि मग माझ्या दारात उभी राहिली, पोटऱ्यांपर्यंत चिखल.

मी तिला कोरडे मोजे दिले. ते घालता घालता ती म्हणाली, "आत्या, प्रेस्टननं परवा जेवताना सगळ्यांना ती गोष्ट सांगितली. भोपळ्यासकट. सगळे इतके हसले."

"आणि तू?"

तिनं मोजे ओढून वर घेतले. "मीही हसले."

असल्या माणसाला असली बायको, असं मनात आलं, ते मनातच ठेवलं. निदान खोटं तरी बोलली नाही. त्या हसण्यावरून मी तिला घरातून घालवूही शकले असते, पण बाहेर गारठा होता आणि नाक तिचं ओरिनसारखं आहे.

दोन दिवस राहिली. काही मागितलं नाही, फोटोही काढला नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, मी लाकडं रचते, बाबा रचायचे तशी. सबंध दुपार पावसात रचत होती. मी खिडकीतून बघत होते. साल वर हवी ती खाली, टोकं वाकडी, वारा जायला फट नाही. लहानपणी दहादा शिकवलेलं सगळं साफ विसरलेली.

ती गेल्यावर मी ती रास पाडली आणि परत रचली.