झेमूनचं सफरचंद

माझा मोठा भाऊ तिहोमिर लढाईत मेला. पण ते अजून झालेलंच नाही, असं धरून चालू. कारण त्या शनिवारी दुपारी तो नवा कोट घालून नावेत बसला होता आणि मरायचा त्याचा काही बेत नव्हता.

आम्ही बेलग्रेडचे. नवरी देसांका नदीपलीकडच्या झेमूनची. अलीकडे सर्बियाचा राजा, पलीकडे व्हिएन्नाचा सम्राट. महिन्यापूर्वी सारायेवोत सम्राटाच्या पुतण्याला कुणीतरी गोळी घातली. मग सम्राटाने आमच्या सरकारला अठ्ठेचाळीस तासांत अटी मान्य करायला सांगितलं. मुदत त्याच संध्याकाळी सहाला संपत होती. त्याआधी नवरी घेऊन परतायचं होतं.

देसांकाच्या अंगणात उंच खांबाच्या टोकाला सफरचंद टांगलेलं. नवऱ्याने ते गोळीने पाडायचं, मगच नवरी उंबऱ्याबाहेर. आमच्यात असंच असतं. तिच्या वडिलांनी, येवरेमकाकांनी, दादाच्या हातात आपली बंदूक दिली, तोच हवालदार मातिया कुंपणाशी आला.

"बंदूक खाली! आज इथे गोळी सुटली तर मला वर कळवावं लागेल."

"लग्नाची गोळी आहे, हवालदार," दादा म्हणाला.

"वर म्हणजे व्हिएन्ना. व्हिएन्ना बर्लिनला हाक मारणार. तुम्ही पीटर्सबर्गच्या गळ्यात पडणार. पीटर्सबर्ग निघालं की पॅरिस निघणारच, तसं लिहून दिलंय त्यांनी एकमेकांना."

"आणि लंडन?" मी विचारलं.

"त्यांचं अजून ठरत नाहीये."

मी येवरेमकाकांकडे वळलो. "काका, एवढं वऱ्हाड! रस्सा पुरेल ना?"

काका हसले नाहीत. "माझ्या बापाने सफरचंद पाडलं, मी पाडलं. हा नुसता हात हलवत मुलगी नेणार?"

"दगडाने पाडलं तर?" म्हणत मी दगड भिरकावला. सफरचंद जागच्या जागी. काकांची खिडकी फुटली.

"काच सम्राटाच्या हद्दीतली आहे," मातिया गंभीरपणे म्हणाला.

आतून देसांका ओरडली, "आबा, मीच चढून काढते! नाहीतर तो खांबच तोडा!"

"गप्प! नवरीने काढलेलं चालत नाही."

"मग मला याच खांबाला बांधा आणि मोकळे व्हा!"

सहाचे टोले पडले. मातियाने आम्हाला नावेत हाकललं. दादा शेवटपर्यंत मागे बघत होता. देसांका काठावर उभी होती आणि तिचा बाप तिच्या दंडाला धरून उभा होता. तिकडे चार-पाच राजधान्यांतले म्हातारेही असेच आपापला शब्द धरून बसलेले. एकालाही शब्द सोडवेना. पोरं मात्र सगळ्यांना पटापट सोडता आली.

मंगळवारी रात्री त्याच काठावरून बेलग्रेडवर तोफा सुरू झाल्या. लग्नाची एक गोळी चालत नव्हती, या चालल्या. बर्लिन आलं, पीटर्सबर्ग आलं, पॅरिस आलं, लंडनही आलं. रस्सा कुणी विचारला नाही.

ऑगस्टमध्ये सेरच्या डोंगरावर दादा गेला. आता धरून चालणं पुरे. नावाडी सांगतो, सफरचंद अजून तिथेच लटकतंय, काळं पडून. म्हणून खालील अर्ज.

"झेमून येथील शाही सेनाधिकारी यांस. पाव तास तोफा थांबवून वर तिहोमिर यास सदर सफरचंदावर एक गोळी झाडण्याची परवानगी मिळावी. वर हजर राहण्यास असमर्थ असल्याने त्याचा धाकटा भाऊ गोळी झाडील. नवरीस सोबत नेऊ द्यावे. उत्तर अठ्ठेचाळीस तासांत द्यावे, ही नम्र विनंती."