गुरुवारचा तिसरा तास

आमरीननं खुर्चीकडं हात करून "बसा बाई" म्हटलं, तेव्हाच आशाबाईंना कळलं, काहीतरी बिनसलंय. मुख्याध्यापिकेच्या खोलीत त्या कधी बसत नसत. तासिकेवरच्या शिक्षिका त्या. तास घ्यायचा, वहीत सही करायची आणि निघायचं. रोशन गेटच्या मागं असलेल्या मुलींच्या त्या उर्दू शाळेत त्या एकोणतीस वर्षं मराठी शिकवत होत्या, पण त्यांच्या नावाचा हजेरीपट कधी नव्हता, स्वतःचा वर्ग नव्हता, शिक्षकांच्या खोलीतल्या कपाटात एक कप्पासुद्धा नव्हता. पुस्तकं पिशवीतून यायची आणि पिशवीतूनच परत जायची.

"शिक्षण विभागाच्या ऑफिसचं पत्र आलंय," आमरीन म्हणाली. पत्र तिनं पुढं सरकवलं नाही, त्यावर हात ठेवून बसली. "पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या प्रत्येकाचं शिक्षण पोर्टलवर भरायचं. डी.एड., टीईटी, सगळं. ज्याच्याकडं नाही त्यानं वर्गात उभं राहायचं नाही. संस्थेनं तसं हमीपत्र लिहून द्यायचंय. येत्या सोमवारी पडताळणीला येतायत."

"माझी बारावी आहे की. सोयगावची."

"बारावीच्या खाली अजून एक रकाना आहे, बाई. तो रिकामा ठेवला की पुढचं पान उघडतच नाही. मी काल तीनदा करून बघितलं."

"तुला चौथीत पण रिकाम्या जागा भरता येत नव्हत्या," आशाबाई म्हणाल्या.

आमरीन हसली नाही. या शाळेतच शिकलेली मुलगी ती. चौथीत असताना आशाबाईंच्या पदराला खडूचे हात पुसायची. आता तिच्या टेबलावर तिच्या नावाची पाटी होती.

"या सोमवारपासून येऊ नका, बाई," ती खाली बघून म्हणाली.

बाहेर मधल्या सुट्टीचा गलका चालला होता. आशाबाईंना तो एकाएकी फार लांबून आल्यासारखा वाटला.

त्या या शाळेत आल्या त्याही एका कागदामुळंच. नवीन लग्न होऊन सोयगावहून शहरात आल्या, पती सोमनाथ एस.टी.त कंडक्टर. पुढं तनुजा झाली, शाळेत जायला लागली, आणि दुपारी घर खायला उठायचं. एकदा रेशनच्या रांगेत दुकानदारानं मराठीतली सूचना चिकटवली होती आणि बायकांना काही उमगेना. आशाबाईंनी ती मोठ्यानं वाचून सगळ्यांना समजावून सांगितली. रांगेत मागं एक उंच, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ उभे होते. ते नवाब सर, शाळेचे त्या वेळचे मुख्याध्यापक. त्यांनी विचारलं, "आपको पढ़ाना आता है?"

"वाचता येतं," त्या म्हणाल्या.

"बस. हमारी बच्चियों को वही चाहिए."

दुसऱ्या दिवशी त्या पाचवीच्या वर्गात उभ्या होत्या. मुलींच्या घरांत मराठी बोलणारं कुणी नव्हतं. म्हणून आशाबाईंनी स्वतःच्या डोक्यानं एक रीत काढली. गृहपाठ लिहून आणायचा नाही. शिकवलेला धडा घरी कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवायचा. आईला, आजीला, पाळण्यातल्या भावाला, कुणालाही. आणि दुसऱ्या दिवशी तास सुरू होताना पहिला प्रश्न तोच, "काल धडा कुणाला वाचून दाखवला?" मुली सांगायच्या: नानीला, बकरीला, रिक्षावाल्या चाचांना. एकीनं तर बांगड्यांच्या गिऱ्हाइकाला वाचून दाखवला होता.

डी.एड. करायची संधी आली नव्हती असं नाही. मध्ये सरकारनं अप्रशिक्षित शिक्षकांसाठी अठरा महिन्यांचा अभ्यासक्रम काढला. नवाब सर तोवर निवृत्त झाले होते, पण त्यांनी मुद्दाम घरी निरोप धाडला, की कर लो आशाबाई, हा दरवाजा परत उघडणार नाही. आशाबाईंनी फॉर्म भरला. वर्ग शनिवार-रविवारी असायचे, आणि शनिवारी सोमनाथचं डायलिसिस. त्या दोनदा गेल्या, मग जाणं राहिलं. शेवटची परीक्षा झाली त्या आठवड्यात सोमनाथ गेले, आणि त्या दाराला टेकून भेटायला येणाऱ्यांना पाणी देत होत्या. त्यानंतर त्या विषयावर कुणी बोललं नाही, आणि त्यांनाही वाटलं, निभावलं.

"मुलींना सांगून जाते," त्या आता म्हणाल्या.

"नका सांगू." आमरीनचा आवाज बारीक झाला. "निरोप समारंभही करता येणार नाही, बाई. अफजल साहेबांनी बजावलंय." अफजल साहेब म्हणजे संस्थेचे सचिव. "फोटो ग्रुपवर जातात, ग्रुपमध्ये ऑफिसची माणसं आहेत. एकोणतीस वर्षं शिकवलं म्हणून शाल दिली, तर आपणच कबूल केल्यासारखं होतं."

आशाबाईंना सगळ्यांत जास्त लागलं ते हे. शाळेचा रिवाज असा, की जो निवृत्त होईल त्याला दोन कागद चौकटीत घालून द्यायचे: एक उर्दूतला सिपासनामा, एक मराठीतलं मानपत्र; त्यांची एकेक प्रत शाळेच्या भिंतीवरही लागायची. मराठीतलं मानपत्र दर वेळी आशाबाईंनीच लिहिलं. कार्डशीटवर, टाकानं, कडेला वेलबुट्टी काढून. गणिताच्या सरांचं, कलेच्या बाईंचं, खुद्द नवाब सरांचं. आपलं कोण लिहील, असं कधीतरी मनात येऊन जायचं. समारंभ मात्र होईल, याबद्दल शंका नव्हती. कुणीतरी चार माणसांत उभं राहून म्हणेल की या इथं शिक्षिका होत्या. तेवढंच त्यांना हवं होतं.

"बरं," त्या उठल्या. "मग एक कर. शुक्रवार-शनिवार सुट्टीच आहे, गुरुवारचा सातवीचा तिसरा तास मला नीट घेऊ दे. मधे कुणी यायचं नाय, नोटीस नाय, काय नाय. पोरींना ठाऊक नसलं तरी चालंल. मला ठाऊक असलं म्हणजे झालं, की हा शेवटचा."

"घ्या बाई. माझा शब्द."

बुधवारी सांडू शिपाई नोटिशीची वही घेऊन सातवीच्या दारात आला. मराठी नोटीस वाचायचं काम आशाबाईंचंच. त्यांनी चष्मा सारखा केला आणि वाचायला लागल्या. "शुक्रवारी ईद-ए-मिलाद व शनिवारी अनंत चतुर्दशीची सुट्टी असल्याने शिक्षकदिन गुरुवारी साजरा होईल. त्या दिवशी सर्व तास..." इथं त्या थांबल्या.

"सर्व तास क्या बाई?" पुढच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

"सर्व तास विद्यार्थिनी घेतील."

वर्गात एकच कल्लोळ झाला. गणिताची बाई कोण, हेडमास्टरीण कोण, साडी कुणाची. आशाबाईंनी वहीत सही केली आणि वही सांडूच्या हातात दिली.

"काय झालं बाई?" सांडूनं हळूच विचारलं.

"काय नाय. पोरींचा सण आहे."

आमरीन स्वतः जिन्यात येऊन उभी राहिली होती. "माझ्या लक्षातच नाही राहिलं, बाई. दरवर्षी पाच तारीख, पाच तारीख... आता पुढंही ढकलता येत नाही."

"ईद काय तुझ्या सहीनं येती का? जा, ऑफिसात बस," आशाबाई म्हणाल्या.

आशाबाई व्हायचा मान सगीराला मिळाला. बांगडीवाल्याची मुलगी, वर्गात सगळ्यांत बुटकी आणि आवाजानं सगळ्यांत मोठी. शाळा सुटल्यावर ती पिशवी धरून मागं लागली.

"बाई, तुमचा चष्मा द्या ना उद्या."

"मग मला दिसंल कसं?"

"तुम्हाला कुठं शिकवायचंय उद्या?"

आशाबाई रिकाम्या वर्गात परत गेल्या आणि तिला फळ्यापाशी उभं केलं. "हिची टीईटी झाली का विचारायला पाहिजे," त्या स्वतःशीच पुटपुटल्या.

"क्या बाई?"

"काय नाय. इकडं बघ. पहिला प्रश्न मागच्या बाकावर विचारायचा. पुढच्या बाकावरच्यांना येतच असतं."

"आणि मागचीला नाय आलं तर?"

"तर तिच्याजवळ जाऊन बसायचं. उभं राहून रागावलं की पोरीला नुसते आपले पाय दिसतात."

सगीरानं मान हलवली. "ये सब कॉलेजमें सिखाते क्या बाई?"

"कॉलेजात काय शिकवतात मला नाय माहीत. मी चुकत चुकत शिकले."

घरी जाऊन त्यांनी कपाटातून पोपटी सुती साडी काढली, सगीरासाठी इस्त्री केली. वापीहून तनुजाचा फोन आला. "बरंच झालं आई," ती म्हणाली, "किती वर्षं उन्हातान्हात जातेस. आता आराम कर." आशाबाई व्हय म्हणाल्या. फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की दिवसभरात स्वतःविषयी त्या सगळ्यांना व्हय आणि काय नाय, एवढंच म्हणाल्या होत्या.

गुरुवारी गल्लीत ईदच्या हिरव्या पताका लागल्या होत्या. शाळेत मुली पायात साड्या अडकून पडत होत्या. तिसऱ्या तासाला आशाबाई सातवीच्या शेवटच्या बाकावर, भिंतीच्या कडेला जाऊन बसल्या. बाक बुटका होता, गुडघे वर आले.

सगीरा आली. पोपटी साडी, डोळ्यांवर काच नसलेली चष्म्याची फ्रेम. तिनं पिशवी टेबलावर ठेवली, एकेक पुस्तक काढून त्यांची चळत केली, पदरानं टेबल पुसलं, आणि वर्गाकडं बघायच्या आधी खिडकीतून बाहेर बघितलं. मुली खुदुखुदु हसल्या. आपण रोज आधी खिडकीबाहेर बघतो, हे आशाबाईंना ठाऊक नव्हतं.

"काल धडा कुणाला वाचून दाखवला?" सगीरानं घसा खाकरून विचारलं. तिची नजर पहिल्या बाकावरून सरकत सरकत पार मागं आली. "तुम्ही सांगा. शेवटच्या बाकावरच्या."

आशाबाई उभ्या राहिल्या. वर्ग तोंड दाबून वळून बघत होता. त्यांना वाटलं, काहीतरी गमतीचं सांगावं. मांजराला, म्हणावं. पण तोंडून खरंच निघालं.

"कुणाला नाय."

"का?"

"घरी कुणी नसतं, बाई."

दोघी-तिघी हसल्या आणि गप्प झाल्या. सगीरा फळ्यापाशी गोंधळून उभी राहिली. मग तिला कालचं आठवलं असावं. ती निऱ्या उचलून बाकांच्या मधून चालत आली, आशाबाईंच्या शेजारी दाटीनं बसली आणि पुस्तक उघडून दोघींच्या मधे ठेवलं.

"मग मला दाखवा वाचून," ती म्हणाली.

आशाबाईंनी सातवा धडा वाचला. हजारदा शिकवलेला, पण वाचताना त्या दोनदा अडखळल्या. सगीरानं दोन्ही वेळा त्या शब्दाखाली बोट ठेवलं आणि वाट बघितली.

शेवटच्या तासाला सगळी शाळा अंगणात जमली. दिवसभराच्या छोट्या बाईंचं कौतुक करायचा रिवाज होता. एकेकीला पेन मिळालं. मग आमरीन माईकपाशी आली. "आता सातवीच्या आशाबाई," ती म्हणाली, आणि सगीरा ठुमकत पुढं गेली. सांडूनं ताटात शाल आणि नारळ आणला. आमरीननं घडी घातलेला कागद उघडला आणि वाचायला लागली.

पहिल्याच वाक्याला आशाबाईंनी ओळखलं. ते नवाब सरांच्या मानपत्रातलं होतं. दुसरं गणिताच्या सरांच्या. आमरीननं जुन्या चौकटी उतरवून जिथून मिळेल तिथून ओळी वेचल्या होत्या. आशाबाईंनीच दुसऱ्यांसाठी लिहिलेले शब्द आता काचा नसलेला चष्मा घातलेल्या मुलीला उद्देशून वाचले जात होते, आणि सगळी शाळा गंमत म्हणून टाळ्या वाजवत होती.

मग आमरीन थोडं थांबली. पुढची ओळ कुठल्याच चौकटीतली नव्हती.

"आमच्या घरात मराठी कुणाला येत नव्हतं. बाईंनी सांगितलं म्हणून मी रोज अब्बांना धडा वाचून दाखवायचे. एकदा तहसीलचं पत्र आलं. त्या दिवशी अब्बा ते वाचून घ्यायला शेजारी गेले नाहीत. त्यांनी ते माझ्या हातात दिलं."

ती सगीराकडं बघत नव्हती. खांबाच्या आड उभ्या असलेल्या आशाबाईंकडं बघत होती. मग तिनं सगीराच्या खांद्यावर शाल घातली. फोटोसाठी मोबाइल वर झाला, तेव्हा आशाबाई आणखी थोड्या मागं सरकल्या, म्हणजे त्यांचं काही फोटोत येऊ नये.

शाळा सुटताना आमरीन गर्दीतून जवळ आली. "शाल तुमची आहे, बाई. सगीराकडून घेऊन जा."

सगीरा फाटकापाशीच भेटली. शाल अंगाभोवती घट्ट गुंडाळलेली, नारळ काखेत. "बाई, बघा. मला मिळाली. अम्मी बघून पागल होईल."

आशाबाईंनी शालीचं एक टोक जमिनीला लागत होतं ते उचलून तिच्या खांद्यावर नीट टाकलं. "दाखव तिला," त्या म्हणाल्या.

"साडी सोमवारी आणते, धुऊन. सोमवारी आठवा धडा ना?"

"वाचून ये. घरी कुणाला तरी वाचून दाखव."

"हौ बाई," म्हणत ती पताकांखालून पळाली.

फाटकाशी सांडू तासिकेची वही घेऊन उभा होता. "सही राहिली बाई, तिसऱ्या तासाची."

"मी कुठं घेतला आज?"

"मग कुणी घेतला?" सांडू म्हणाला. आशाबाईंनी वही घेतली आणि सही केली.

तीन दिवस सुट्टीचे गेले. शुक्रवारी शेजारच्या घरातून खीर आली, शनिवारी ढोल वाजत लांबून गेले. त्या दिवसांत शहरात कुणालाच शाळा नव्हती, म्हणून त्यांनाही जड गेलं नाही.

सोमवारी त्या सवयीनं लवकर उठल्या, आंघोळ केली, साडी नेसल्या आणि मग करायला काही नव्हतं. घड्याळात अकरा वीस झाले. तिसरा तास. त्यांनी पिशवीतून सातवीचं पुस्तक काढलं, आठवा धडा उघडला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. दुसऱ्या परिच्छेदात एक अवघड शब्द होता, जिथं मागच्या बाकावरची एखादी तरी मुलगी दरवर्षी अर्थ विचारायची. तिथं त्या थांबल्या, नेहमीइतकाच वेळ, आणि मग पुढं वाचू लागल्या.