पन्नासपुढचं टिंब

गणिताच्या सातवबाई चुकत नाहीत, असं वाघोलीतल्या त्यांच्या शाळेत सगळेच धरून चालत. सव्वीस वर्षांत बाईंनीही तसंच धरलं होतं.

आज प्रशिक्षण केंद्रात त्याचीच परीक्षा होती. दिलेल्या आज्ञांबरहुकूम आपोआप धातू कापणारं यंत्र शाळेत शिकवायचं, म्हणून आठ शाळांच्या शिक्षकांचं सहा आठवडे प्रशिक्षण झालं. यंत्रं मात्र पाचच होती. ज्याला आपल्या नववीच्या मुलांना पाठ देता येईल, त्याच्या शाळेत यंत्र जायचं. चार वाटून झाली होती. पाचव्यासाठी उरले होते बाई आणि पुण्यात मंडईजवळच्या शाळेतले चित्रकलेचे श्यामसुंदर सर. सरांचा पाठ सकाळी बिनचूक झाला. यंत्र सगळं त्यांनीच चालवलं, मुलांनी पाहिलं.

"काळजी करू नका बाई," मागच्या बाकावर बसत सर म्हणाले. "यंत्र बघायला आमच्याकडे या. एक ते चार सोडून."

बाईंनी फळ्यावर आज्ञा लिहिल्या. हत्यार खाली १.५ मिलिमीटर, मग उजवीकडे ५०. त्यांच्या नववीतल्या शेफालीने त्या जशाच्या तशा यंत्रात भरल्या, काचेचं दार लावून बटण दाबलं. हत्यार अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यात उतरलं आणि जागच्या जागी फिरून वर आलं. लांब खाचेऐवजी नुसतं भोक पडलं.

"कान टोचायला बरं आहे," मागून सर म्हणाले.

प्रशिक्षक सलिल वहीत काहीतरी लिहू लागला.

बाईंना चूक लगेच दिसली. पुढे टिंब नसलेला आकडा हे यंत्र मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतं. ५० नव्हे, ५०.० लिहायला हवं होतं. सलिलने ते पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, बाईंनी लाल शाईने लिहूनही घेतलं होतं. पण पूर्ण आकड्यापुढे उगाच टिंब देणाऱ्याचा अर्धा मार्क त्या जन्मभर कापत आल्या होत्या. हात वळला नाही.

आत्ता खडू उचलून एक टिंब दिलं असतं, तर मुलांना कळलंही नसतं.

"माझं चुकलंय," बाई म्हणाल्या. "कुठे ते तुम्ही शोधा. मी बसते."

नववीला हे पचायला थोडा वेळ लागला. मग सगळी यंत्राभोवती जमली. कुणी म्हणालं हत्यार बोथट आहे, कुणी म्हणालं ठोकळा सैल आहे. शेफाली भोकावर वाकली.

"बाई, खाली बरोबर गेलंय. बाजूला गेलंच नाही. नाहीतर दिसणार नाही इतकंच गेलंय."

"दोघांत फरक काय?"

तिने फळा दोनदा वाचला. "खालच्या आकड्यात टिंब हाय. पण बाई, पन्नासला टिंब दिलं की तुम्ही मार्क कापता."

"वहीत कापते. इथे दे."

दुसऱ्या खेपेला खाच सरळ पन्नास मिलिमीटर गेली. पोरांनी ती आळीपाळीने मोजली.

मुलं बाहेर गेल्यावर सलिलने विचारलं, "चूक मुद्दाम केलीत का?"

"नाही हो. खरीच झाली."

"फळा पुसाल असं वाटलं होतं." त्याने वही मिटली. "तुमच्या शाळेतल्या प्रयोगशाळेचं दार किती रुंद आहे? यंत्र आत जाईल?"

"मोजलेलं नाही," बाई म्हणाल्या. "नाही गेलं तर चौकट काढू. तुम्ही सोमवारी पाठवा."