दोन तारखांचा स्लॅब

विम्याच्या ऑफिसात मी तेरा वर्षं काढली. माझ्या टेबलावर पडलेल्या भिंती यायच्या, खचलेले जिने यायचे, जळालेली गोदामं यायची, अर्थात कागदावर. प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर एक चौकट असे, घटनेच्या दिनांकाची. तिथे एकच तारीख लिहायची. दोन लिहिल्या की फाइल परत. ही सवय माझ्या अंगात किती मुरली होती, ते मला नोकरी सोडल्यावर कळलं.

बाबा सेंटरिंगचं काम करायचे. स्लॅब ओतण्याआधी खाली फळ्या आणि लोखंडी टेकू उभे करायचे आणि काँक्रीट स्वतःचा भार पेलण्याइतकं घट्ट झालं की ते काढायचे. चाळीस वर्षं. मी बांधकाम व्यवस्थापनाच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं हे त्यांना सांगितलं, तेव्हा ते जेवत होते. म्हणाले, "मी उन्हात उभा राहिलो तो तू पंख्याखाली बसावीस म्हणून."

"बसले की तेरा वर्षं," मी म्हटलं.

पुढची दोन वर्षं ते माझ्याशी सगळं बोलले. आईचे गुडघे, नळाची गळती, शेजाऱ्यांचा कुत्रा. त्या वर्गाबद्दल मात्र अवाक्षर काढलं नाही. शेवटची परीक्षा झाली आणि निकाल लागायच्या आत ते गेले. मला शाबासकी नको होती. पण हो किंवा नाही, यातलं काहीतरी एक हवं होतं.

त्यानंतर वर्षभराने मला एका तीन मजली दवाखान्याच्या बांधकामावर काम मिळालं. तीन महिने पारख करून मग कायम करणार, अशी अट. साहेब आठवड्यातून एकदा यायचे. बाकी दिवस मी आणि मुकादम. मुकादम साठीचे, बारीक अंगाचे, कान टोकदार. सगळा हिशोब त्यांच्या डोक्यात. कुठलं काम कधी झालं विचारलं तर म्हणायचे, "ती विटांची गाडी उलटली ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

मी त्यांना सांगितलं नव्हतं की माझे वडील याच धंद्यात होते. ज्याने परवानगी दिली नव्हती, त्याच्याच नावाची चिठ्ठी घेऊन आत शिरणं मला पटत नव्हतं. त्यामुळे पहिले काही आठवडे मुकादम मला टेकू आणि खांब यांतला फरक समजावत राहिले आणि मी ऐकत राहिले.

मग मी माझं शहाणपण आणलं. साइटवरच्या ऑफिसच्या भिंतीवर एक मोठा तक्ता लावला. कुठला स्लॅब कधी ओतला, टेकू कधी काढायचे, सगळं टाइप करून. "यापुढे तोंडी काही नाही," मी सगळ्यांसमोर म्हटलं. "तक्त्यावर असेल तेच खरं."

मुकादमांनी तक्ता वरून खालपर्यंत पाहिला. "आधीचे मॅनेजर उंटावरून शेळ्या हाकायचे," ते म्हणाले. "तुम्ही कागदी घोड्यावरून हाका. आम्ही काय, शेळ्याच."

पण त्यांनी पाळलं. रोज सकाळी तक्त्यासमोर उभे राहायचे, मगच माणसं कामाला लावायचे. मला ते पाहून बरं वाटायचं, हे कबूल करायला हवं.

दुसऱ्या मजल्यावरच्या मोठ्या दालनाचा स्लॅब तीन तारखेला ओतायला घेतला. दुपारी काँक्रीटचा पंप बंद पडला. अर्धाच स्लॅब झाला होता. पंप उद्या सुरू होईल असं मी मुकादमांना सांगितलं आणि ते दुसऱ्या दिवशी सुट्टीवर गेले. त्यांच्या मुलीला मुलगी झाली होती. पंप दुरुस्त व्हायला पाच दिवस लागले. उरलेला अर्धा स्लॅब आठ तारखेला झाला. मी स्वतः उभी होते. आणि तक्त्यावर त्या स्लॅबसमोर मी लिहिलेली तारीख होती तीन. काम सुरू झालं तो दिवस. एक घटना, एक तारीख.

अठरा तारखेला सकाळी मी गच्चीसारख्या त्या स्लॅबवर गेले. सिमेंटचे बांध घालून त्यावर पाणी साठवलं होतं. एका वाफ्यातलं पाणी आटलं होतं आणि तिथून एक रेघ आडवी गेलेली दिसत होती. रेघेच्या अलीकडे काँक्रीट फिकट, राखेसारखं, पलीकडे गडद. मी ती रेघ पाहत होते आणि पायाखालून हातोड्याचे आवाज येत होते. टेकू काढायला घेतले होते. तक्त्याप्रमाणे.

एवढ्या रुंद दालनाचे टेकू चौदा दिवस हलवायचे नसतात. फिकट अर्धा पंधरा दिवसांचा होता. गडद अर्धा दहा दिवसांचा, आणि तेही थंडीत, जेव्हा काँक्रीट आणखी सावकाश घट्ट होतं.

जिना मी कसा उतरले ते आठवत नाही. दालनात पाच माणसं होती. अलीकडची सगळी जागा मोकळी झाली होती आणि पलीकडच्या अर्ध्यातले दोन टेकू भिंतीला लावून ठेवलेले होते.

"थांबा," मी म्हटलं. "सगळे बाहेर."

मुकादमांनी माणसांना हाताच्या खुणेनेच बाहेर काढलं, पण स्वतः जागचे हलले नाहीत. "तक्त्यावर आजचीच तारीख आहे, मॅडम. दोनदा बघून आलो."

"तक्ता चुकलाय. हा अर्धा आठ तारखेचा आहे."

"पंप तर दुसऱ्या दिवशी सुरू होणार होता."

"नाही झाला. तुम्ही सुट्टीवर होता. तक्ता मी लिहिला."

त्यांनी वर पाहिलं. मग भिंतीपाशी गेले, पहिला टेकू उचलला आणि जागेवर उभा केला. वरचा स्क्रू फिरवताना ते हात लावून अंदाज घेत होते. टेकू वर टेकला पाहिजे, पण त्याने स्लॅब ढकलता कामा नये. मी दुसरा धरून उभी राहिले. आमच्या डोक्यावर काही टन ओलसर दगड होता.

दोन्ही टेकू बसल्यावर ते म्हणाले, "तडा दिसत नाही. वाचलो."

"फरशीवाले उद्या येणार आहेत."

"त्यांना सांगू, सामान पडलंय, चार दिवसांनी या." त्यांनी हात झटकले. "दोनच निघाले होते, परत बसले. तक्त्यावरची तारीख बदला. साहेबांना कशाला? तुमचे तीन महिने भरायला आठवडा राहिलाय ना? झाकली मूठ सव्वा लाखाची."

ते मनापासून म्हणत होते, आणि माझ्या भल्यासाठी. मी ऑफिसात गेले. तक्त्यासमोर बसले. बदलायचे तर दोनच आकडे बदलायचे होते. असे आकडे मी तेरा वर्षं वाचले होते: वेगळी शाई, गिरवलेली रेघ, मागाहून जोडलेलं पान. ती माणसं लबाड असतील असं मी तेव्हा धरून चालायचे. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचाही माझ्यासारखाच कशाचा तरी शेवटचा आठवडा उरलेला असेल, हे तिथे बसल्यावर सुचलं.

मी साहेबांना फोन लावला आणि झालं ते सांगितलं.

"मुकादम काय करत होता?"

इथे एक वाट होती. मोठी, सरळ. साठीचा माणूस, डोळ्यांवर विश्वास ठेवायचा सोडून कागद बघत बसला, असं म्हणता आलं असतं.

"ते तक्त्याप्रमाणे वागले," मी म्हटलं. "तक्ता माझा होता."

"फरशीवाले आता दुसरीकडे जातील. तीन आठवडे मिळणार नाहीत. कळतंय का?"

"हो."

"उद्या येतो. तोपर्यंत कुणी त्या दालनात जायचं नाही." फोन बंद.

संध्याकाळी आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. "बाबांना सांगितलं असतंस?" तिने विचारलं.

"सांगितलं असतं. आधी मी चार दिवस गप्प बसले असते."

"म्हणजे त्यांच्यासारखीच," आई म्हणाली आणि देठ बाजूला काढत राहिली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी स्लॅब वरून पाहिला, खालून पाहिला, जोडावर बॅटरी मारून पाहिली. मला म्हणाले, "तीन महिन्यांची पारख आता सहा महिन्यांची. यावर काही म्हणायचंय?" मी नाही म्हटलं. जाताना त्यांनी सांगितलं की तक्त्यावर यापुढे दोघांच्या सह्या हव्यात, माझी आणि मुकादमांची.

गाडी गेल्यावर मुकादम म्हणाले, "म्हणजे पुढची अर्धी चूक माझ्या नावावर."

"हो."

"चांगला व्यवहार आहे." ते खुर्चीत बसले. "फोनवर तुम्ही माझ्यावर ढकललं नाहीत, साहेबांनी सांगितलं. का?"

मी सांगितलं, "माझे वडील सेंटरिंगचंच काम करायचे. तारीख चुकली तर ते ती लिहिणाऱ्यावर चिडले असते, टेकू काढणाऱ्यावर नाही, हे मला माहीत आहे."

"करायचे? आणि आता?"

"गेले. चौदा महिने झाले."

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाले, "आधी सांगायचं ना. मी आपला टेकू म्हणजे काय, खांब म्हणजे काय, इतके आठवडे घसा कोरडा करत बसलो."

"तुम्ही चांगलं समजावता."

"त्यांना तुम्ही इथे आलेलं आवडलं असतं?"

"माहीत नाही," मी म्हटलं. हे मी पहिल्यांदाच कुणाजवळ बोलले आणि बोलल्यावर त्यात भर घालावीशी वाटली नाही. मुकादमांनीही घातली नाही.

मी भिंतीवरचा तक्ता काढला, मागच्या कोऱ्या बाजूवर हाताने रकाने आखले आणि तारखेचा रकाना रुंद ठेवला. ते डोळे मिटून सांगायला लागले. तळमजला, पुढची बाजू: गाडी उलटली त्याच्या दुसऱ्या दिवशी. मी माझ्या वहीत बघून आकडा लिहायचे. जिन्याच्या स्लॅबवर आम्ही अडलो. त्यांच्या मते तो एका दिवसात झाला होता, माझ्या वहीत दोन.

"तुमची वही चुकली," ते म्हणाले.

"किंवा तुम्ही."

"चला, बघू," असं म्हणत त्यांनी टोपी घातली आणि आम्ही बॅटरी घेऊन जिन्याखाली रेघ शोधायला निघालो.