म्हसावदच्या बांधावरचा काटेचेंडू

मित्रांनो, मी काटेचेंडू. हात लावाल तर बोंबलत पळाल, म्हणून लांबूनच ऐका! कुणी मला उंटकटारा म्हणतात, कारण उंट मला चवीनं खातो. म्हसावदजवळच्या एका बांधावर मी उगवलो. मला कुणी पेरलं नाही की पाणी घातलं नाही, पण आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. खडकाळ माती आम्हाला मानवते. पोरं धोंडे मारतात, बाया पदर सांभाळत शिव्या देतात. देईनात का!

यंदा मात्र माझी पाचावर धारण बसली. शेजारी पिवळा धोत्रा माजला होता. तोही काटेरी, त्याच्याही पानांवर पांढऱ्या रेघा. पण तो परमुलखातला आणि विषारी. बांधालगत सरलाबाईंची घरच्या तेलापुरती मोहरी होती. विळा घेऊन त्या काटेरी दिसेल ते कापत सुटल्या. मला अजून एकही फूल आलं नव्हतं. ओळखणार कोण?

त्यांनी माझी मान धरलीच.

“थांबा माय, तो धोतरा नई शे!” त्यांची सून मोहिनी कांद्याच्या वाफ्यातून धावत आली.

“मोहरीमा धोतरानं बी गयं तं तेल नई, ईख खासूत आपण!” सरलाबाई विषाच्या धास्तीनं कडाडल्या.

मोहिनीनं धोत्र्याची फांदी मोडली. पिवळाधमक चीक आला. मग माझं पान तोडलं. त्यातून पिवळं काही निघालं नाही. तिनं ते उलटं धरलं. “देखा, खालतून कापूसना मायक पांढरं शे.”

“मंग काय? काटा तो काटाच!”

मोहिनीचे डोळे भरले. गेल्या साली तिनं बियाण्यासाठी कांदा लावला, पण मधमाश्या फिरकल्याच नाहीत आणि फुलांचे सगळे गोंडे बियांविना पोकळ राहिले. “याना फूलवर माशा येतस, माय. त्या नई उन्यात तं मन्हा कांदा यंदा बी पोकय ऱ्हाई.”

सरलाबाईंनी सुनेकडे पाहिलं आणि विळा खाली ठेवला.

मग मी फुललो, आणि कसा फुललो म्हणता! निळसर पांढरे गोल चेंडू, त्यांवर माश्यांची ही झुंबड. पुढं कांदा फुलला तेव्हा त्याच माश्या तिकडं वळल्या. गोंडे काळ्याभोर बियांनी भरले.

तोवर मी वाळलो होतो. मोहिनीचा नवरा हेमकांत बांध जाळायला आला, तशा सरलाबाई आडव्या आल्या. “याले हात लावशी तं देख!” त्यांनी माझे चेंडू उघड्या हातानं चुरले. बोटांतून रक्त आलं, तरी धोत्रा कापलेल्या जागी त्यांनी माझं बी पसरलं.

मित्रांनो, काटा दिसला की विळा उचलू नका. आधी पान उलटून बघा. तिथं मी असेन.