हापशाला हात न लावण्याचा दिवस

एक पाना. दहा बायका. टोपलीभर भुईमुगाच्या शेंगा.

बजाजनगरात आज पाण्याचा दिवस.

मुलीच्या लग्नाच्या अल्बममध्ये नवरीचा बाप एकाच फोटोत आहे. पाठमोरा, वाकलेला, जनरेटरवाल्याच्या हातातला पाना काढून घेताना.

मक्याच्या पिठाची भाकरी कडेला फाटते, पण फुगते.

लक्ष्मीबाईंच्या डब्यांवर चिठ्ठ्या आहेत : तूरडाळ. मूगडाळ. रिकामा.

साडेतीन तास.

शेवटच्यापासून सुरू करू. बजाजनगरात साडेअकरा वाजतात तेव्हा आफ्रिकेतल्या मलावीत आठ. तिथं आप्पासाहेब आहेत, इथं लक्ष्मीबाई. डब्यांवरच्या चिठ्ठ्या आप्पासाहेबांच्या अक्षरात आहेत.

वाळूजच्या एका कारखान्यात ते चौतीस वर्षं टूलरूमला होते. निवृत्तीनंतर सहा महिने घरी राहिले. तेवढ्यात घरातलं खोलण्यासारखं सगळं त्यांनी खोललं, आणि खोलण्यासारखं नव्हतं तेही. मग कळलं, की एक संस्था आफ्रिकेतल्या खेड्यांत हापसे दुरुस्त करायला शिकवणारे स्वयंसेवक पाठवते. नऊ महिन्यांसाठी. अर्ज लक्ष्मीबाईंनी भरला.

चार महिने बरे गेले. म्हणजे आप्पासाहेबांना बरे गेले. सात हापसे त्यांनी दुरुस्त केले. ते त्यांनीच केले, हीच भानगड होती. गेल्या आठवड्यात गावातल्या पाणी समितीची बैठक झाली आणि समितीची प्रमुख एनेसी उभी राहिली. ती इंग्रजीत बोलते, आप्पासाहेब मराठवाडीत ऐकतात, तरी त्यांना सगळं कळतं.

"बाम्बो," ती म्हणाली. तिकडं वडीलधाऱ्या माणसाला असं म्हणतात. "चार महिन्यांत आम्ही काय शिकलो सांगू? पाना पुसून ठेवायला शिकलो."

दहाच्या दहा बायका हसल्या. पण ठराव हसण्यावारी नव्हता. पुढच्या गुरुवारी शाळेजवळचा हापसा बायका स्वतः खोलतील, आतलं रबरी सील बदलतील, परत जोडतील. बाम्बो समोर बसतील. त्यांचा हात लागला किंवा तोंड उघडलं, तर संस्थेला पत्र : दुसरा माणूस द्या. आठ दिवसांत बाम्बो विमानात.

आणि आप्पासाहेबांना विमानात बसायचं नव्हतं. तिथं सकाळी लाल मातीच्या रस्त्यानं निघालं की घराघरातून हाक येते. इथं त्यांना हाक मारणारं एकच माणूस होतं, आणि ते बहुतेकदा "अहो, ठेवा ते खाली" अशी हाक मारायचं.

*

"अगं, तू बघत राहा. हात पुढं गेला की ओरड."

"मला तेवढंच काम हाय व्हय? आज पाणी सुटलंय."

"फोन खिडकीत ठेव. मी खिशात ठेवतो, कॅमेरा बाहेर काढून."

"अन् हाताला काम द्या कायतरी. मोकळे हात तुमच्या बापाचं बी ऐकायचे नाहीत. शेंगा मिळतात ना तिथं? सोलत बसा."

*

अकरा बेचाळीस. तिकडं आठ बारा.

शेजारच्या अमिनाआपा हंडा घेऊन आल्या होत्या, त्या हंडा विसरून खिडकीपाशी बसल्या. फोनमध्ये आप्पासाहेबांचं तोंड दिसत नव्हतं. दिसत होती टोपली, त्यांचे दोन हात आणि पलीकडं हापसा.

एनेसीनं पाना लावला. झाकण निघालं. दोघींनी मिळून लोखंडी दांडी वर ओढली. ती सोडवली, बाजूला ठेवली, मग दुसरी.

शेंगा नीट चालल्या होत्या. टरफल डावीकडं, दाणे वाडग्यात.

तिसरी दांडी कुणाच्या तरी हातातून सटकली.

"अगे माँ!" अमिनाआपा ओरडल्या. "भाभी, हाथां देखो भाई के!"

हात उठले होते. अर्धे. हवेत.

"अहो!" लक्ष्मीबाईंचा आवाज बजाजनगरातल्या तीन मजल्यांना ऐकू गेला. शाळेजवळच्या शेळीनंही मान वर केली.

हात टोपलीत परत गेले. दांडी एनेसीनं पायानं अडवली होती.

(इथं चित्र थांबलं. दोन मिनिटं पडद्यावर एक अंगठा आणि एक शेंग. तेवढ्यात लक्ष्मीबाईंनी नळी एका पिंपातून दुसऱ्यात टाकली.)

चित्र आलं तेव्हा सगळ्या दांड्या बाहेर होत्या आणि एनेसी नवं सील बसवत होती. काळं, वाटीसारखं रबर. वाटीचं तोंड वर पाहिजे. हे लक्ष्मीबाईंना ठाऊक होतं, कारण हे त्यांनी चार महिने रोज फोनवर ऐकलं होतं, जेवताना, भाकरी वाटीवर पालथी घालून दाखवत.

एनेसीनं वाटी पालथी बसवली.

"आता गं बाई," लक्ष्मीबाई म्हणाल्या.

"क्या हुआ?"

"उलटं बसवलं. आता पाणी यायचं नाय."

"तो बोलो ना भाई को!"

"त्यांना दिसतंय, आपा. त्यांच्या हाताकडं बघा."

आप्पासाहेब शेंगा सोलत होते. वेग दुप्पट झाला होता. दाणे मातीत फेकत होते आणि टरफलं वाडग्यात भरत होते.

"परत आले तर आल्याआल्या माझा मिक्सर खोलायला घेतील," लक्ष्मीबाई पुटपुटल्या. "बसा हो. गप बसा."

"मेरा कुकर बी नक्को बाबा," अमिनाआपा म्हणाल्या, आणि फोनसमोर दोन्ही हात पसरून दुवा मागायला लागल्या.

दांड्या एकेक करून आत गेल्या. प्रत्येक दांडीला शेंगांचा वेग वाढला. झाकण बसलं. पाना पुसून ठेवला. एक पोरगेलीशी बाई दांडा मारायला लागली. दहा वेळा. वीस. चाळीस. नळाच्या तोंडातून नुसती हवा.

एनेसी वळली. सावकाश चालत आली. पडद्यावर आता तिच्या लुगड्यासारख्या गुंडाळलेल्या कापडावरची पिवळी फुलंच तेवढी दिसत होती.

"बाम्बो. तुम्हाला काय वाटतं?"



आप्पासाहेबांचा उजवा हात वाडग्यात गेला. मूठ भरून वर गेली आणि दिसेनाशी झाली. मग नुसता आवाज आला, करकर करकर. त्यांनी तोंडात मूठभर टरफलं कोंबली होती.

एनेसीनं मागं वळून बायकांना काहीतरी सांगितलं, आणि दांड्या पुन्हा बाहेर यायला लागल्या. सील निघालं. उलटसुलट करून दहाजणींनी पाहिलं. वाटी सरळ झाली.

पाणी सोळाव्या दणक्याला आलं. आधी लालसर, मग स्वच्छ. पोरगेलीशी बाई त्याखाली डोकं घालून ओरडली आणि सगळ्या गायला लागल्या.

(चित्र गेलं.)

*

एकला फोन आला. यावेळी तोंड होतं, आणि ओठाला टरफल.

"राहतोय मी," आप्पासाहेब म्हणाले. "पाचही महिने. एनेसीनं सगळ्यांसमोर सांगितलं, हा गुरुजी चालेल."

"बरं झालं."

"सील बघितलं व्हतंस ना? मी बसवतानाच ओळखलं. एक शब्द बोललो नाय. त्यांची चूक त्यांनाच सापडू दिली. याला म्हणतात शिकवणं."

"व्हय. लई शहाणे." लक्ष्मीबाईंनी फोन जरा जवळ धरला. "टरफलं गिळली का काय?"

"थोडी."

"पाणी प्या. अन् आता न्याहारी करून घ्या नीट. ती मक्याची भाकरी पाण्यानं नाय, गरम दुधानं मळा म्हणजे फाटत नाय."

"करून बघतो."

"बघा."

फोन बंद झाल्यावर त्यांनी 'रिकामा' डब्यात साखर भरली आणि चिठ्ठी तशीच राहू दिली. अमिनाआपा हंडा भरायला लागल्या तोवर नळाची धार करंगळीएवढी झाली होती.

सील पालथं बसवायचं, हे एनेसीनं आणि बाकीच्या नऊजणींनी आदल्या संध्याकाळी ओढ्यावर भांडी घासताना ठरवलं होतं.