चेहऱ्यावरचा रुमाल

इन्स्पेक्टरबाईचे बूट रोज सकाळी तिचे बाबाच पॉलिश करत. निवृत्त वाहतूक हवालदार. जवळजवळ उभी नोकरी एकाच चौकात शिट्टी फुंकण्यात गेली. बढती नाही की बक्षीस नाही. आई होती तोवर टोमणे मारायची, "जगाला पुढे जा, पुढे जा म्हणतात, स्वतः मेले जागचे हलत नाहीत!" मुलीलाही मनातून तेच वाटे. माणूस सोन्यासारखा, पण धमक जरा कमी.

त्या दिवशी मात्र बुटांवर फिरणारे ते हात बघून तिने नजर दुसरीकडे वळवली.

झालं होतं असं. ती पाळण्यात होती तेव्हा शहरात एका शिवणकाम करणाऱ्या बाईचा गळा आवळून खून झाला होता. चेहऱ्यावर पांढरा रुमाल. वर्तमानपत्रांनी फोटो छापला, खुन्याचं 'रुमालवाला' असं बारसंही उरकून टाकलं. सापडला मात्र कुणीच नाही. आणि आता इतक्या वर्षांनी पुन्हा एका बाईचा खून, तसाच आवळलेला गळा, तसाच रुमाल. तपास हिच्याकडे आला. या नव्या रुमालाची गोष्ट तिने बाहेर फुटू दिली नाही, घरातसुद्धा नाही. जुनाच खुनी परतला की कुणी त्याची नक्कल केली, हे कळावं म्हणून तिने दोन्ही रुमाल प्रयोगशाळेत पाठवले. नमुन्यांत गफलत नको म्हणून तपासातल्या पोलिसांचे डीएनए तिथे आधीच ठेवलेले असतात. प्रयोगशाळेतल्या बाईंनी तिला बोलावलं आणि दार लोटून घेतलं. नव्या रुमालावर एक अनोळखी पुरुष होता. जुन्यावर दुसराच कुणीतरी, आणि तो हिचा सख्खा नातलग होता.

"भाऊ आहे तुम्हाला?"

"नाही. मी एकुलती एक."

"मग वडीलच," त्या हळूच म्हणाल्या.

 घरी जाऊन बाबांच्या कानात कुजबुजण्याचा मोह तिने टाळला. सरळ वरिष्ठांना सांगितलं, तपास सोडला. तो गेला तिच्या कामावरच्या जोडीदाराकडे. त्याला सगळी चौकी जाड्या म्हणायची. सकाळी तोच दारात उभा होता. ती भिंतीला टेकून उभी राहिली; मध्ये बोलायची तिला परवानगीच नव्हती.

जाड्याने जुना फोटो पुढे केला. "काका, हा रुमाल..."

"माझा," बाबा म्हणाले. ब्रश खाली ठेवला. "तेव्हा मी ठाण्यात होतो, पहिला मीच पोचलो तिथे. बिचारीचे डोळे उघडे, अन् दारात लोकांची ही झुंबड. पोरं खांद्यावर घेऊन बघत होते, लाज नाही! मी चेहरा झाकला. फोटोवाला मागाहून आला."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं की! साहेब म्हणाले, पेपरात आलंय, आता तोंड उघडशील तर खात्याची शोभा होईल. मग त्यांच्या वरच्या साहेबांना सांगितलं. लगेच चौकात बदली झाली."

हे त्यांनी कुरकुर न करता सांगितलं. आई बिचारी टोमणे मारतच गेली, आणि या माणसाने घरी एकदाही तोंड उघडलं नाही. नव्या खुन्याने नक्कल केली होती ती रुमालवाल्याची नव्हेच. तिच्या बापाच्या भलेपणाची.

"आता माझ्या शब्दावर जाऊ नका," बाबा जाड्याला म्हणाले. "खुनीसुद्धा असंच बोलेल. हिचा बाप म्हणून सूट नको. त्या बाईने खुन्याला ओरबाडलं होतं, तिच्या नखांखालचं जपून ठेवायला लावलं होतं मी डॉक्टरांना. असेल अजून, तर माझ्याशी ताडून बघा." आणि त्यांनी आपणहून आ वासला, लाळेचा नमुना घ्यायला.

निकाल येईपर्यंत ती मैत्रिणीकडे राहिली, नियमच तसा होता. बापावर तिचा विश्वास होता. पण पोलिसाचा जीव तो, मेला स्वस्थ बसेल तर शपथ.

जाड्याचा फोन आला तशी ती धावतच घरी गेली. बाबांच्या गळ्यात पडली, लहानपणीही कधी पडली नव्हती तशी.

"बाबा, नखांखालचा माणूस तुम्ही नाही!"

"ते मला ठाऊक आहे गं," ते तिला बाजूला सारत म्हणाले. "तो कोण आहे, ते बोल."